टोचन

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोखंडातले काय कळते, असा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो, आणि तो दर वेळी माझ्या पाठीमागेच निघतो असेही नाही. नळाचा वायसर बदलायला मी पान्हा हातात घेतला की सौ. निमूटपणे खालच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारते. अशा माणसाने दिवाळी अंकात जीपगाडीच्या मागे बसवायच्या आकड्यावर लिहावे, हे पाहून संपादकांना पाकिटात भलताच लेख आल्याचा भास झाला असेल. पण गेल्या मे महिन्यात या आकड्याने माझ्यावर असा काही प्रसंग आणला की, या वर्षी दुसऱ्या कुठल्या विषयावर लिहायला बसलो असतो तरी लेखणी तिकडेच वळली असती.

आधी शब्दाचे सांगतो, कारण तो माझा धंदा आहे. बंद पडलेली गाडी दुसरीला बांधून ओढून नेतात त्याला मेकॅनिक लोक 'टोचन' म्हणतात. 'खोपोलीपासून टोचन मारून आणली,' असे ऐकू येते. मी बरीच वर्षे समजत होतो की हा शब्द 'टोचणे' या क्रियापदावरून आला. भर रस्त्यात दुसऱ्याच्या शेपटीला बांधून घेण्याचा प्रसंग गाडीमालकाला टोचतच असणार! एकदा वर्गातही ही व्युत्पत्ती मी मोठ्या झोकात सांगितली. तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी झोपेच्या स्वाधीन असलेला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, टो-चेनचं टोचन झालंय." टो म्हणजे ओढणे, चेन म्हणजे साखळी. वर्ग हसला, मीही हसलो. त्या विद्यार्थ्याशी पुढे या आकड्यापायीच पुन्हा गाठ पडायची होती.

आमच्या मेहुण्यांनी, म्हणजे सौ.च्या धाकट्या भावाने, एक जुनी महिंद्र जीप घेतली आहे. आठवडाभर नव्या मुंबईतल्या कचेरीत गार हवेत बसायचे आणि रविवारी त्या जीपमधून दगडधोंड्यांत, ओढ्यांत आणि चिखलात हिंडायचे, हा त्यांचा आणि त्यांच्या मित्रमंडळींचा छंद. रस्ता असताना रस्त्यावरून न जाण्यात काय गंमत आहे, हे मला अजून उमगलेले नाही. पण जीपचा जन्मच मुळी त्यासाठी झालेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या जीपमागे एक छोटा दोनचाकी गाडा असे, आणि तो पाण्यावर तरंगावा अशा बेताने बांधलेला असे. त्या जीपच्या पाठीला जबड्यासारखा मिटणारा आकडा असायचा आणि गाड्याच्या दांडीला लोखंडी कडे. कडे आकड्यात घालायचे, जबडा मिटायचा, की गाडी निघाली. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात विलिस जीप जुळू लागल्या, आणि मग सरकारी खात्यांच्या अंगणात हे वाहन घरच्यासारखे झाले.

मेहुण्यांच्या जीपला मात्र मागे काही नव्हते. आणि त्यांनी शब्द तर देऊन ठेवला होता.

शब्द दिला होता करंज्याच्या एका नाखव्यांना. करंजा म्हणजे उरणच्या पलीकडची कोळ्यांची वस्ती. मागे द्रोणागिरीचा डोंगर, पुढे खाडी, आणि पलीकडे रेवस. एकोणिसाव्या शतकातले ठाण्याचे गॅझेटियर चाळले तर उरणचे अख्खे बेटच करंजा या नावाने नोंदलेले आढळते, आणि तेही पनवेलच्या विभागात. आता उरणपर्यंत लोकल जाते. २०२४ च्या जानेवारीपासून. करंजा अजून बसच्या आणि लाँचेच्या भरवशावर आहे. हे नाखवा माझ्या त्या व्युत्पत्ती सुधारणाऱ्या विद्यार्थ्याचे वडील. आमच्याकडे वर्षाकाठी चार-दोन वेळा त्यांच्या घरची पापलेटे येतात, आणि त्या पापलेटांच्या ओझ्याखाली वाकून मेहुणे एकदा म्हणाले, "नाखवा, यंदा तुमची होडी मी ओढून घरी आणून देतो. माणसं लावू नका."

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी. त्याआधी होड्या पाण्याबाहेर घ्यायच्या, डागडुजी करायची. नाखव्यांची मोठी बोट बंदरातच राहते; प्रश्न होता तो अठरा फुटी फायबरच्या होडीचा. तिच्यासाठी दोनचाकी गाडा त्यांच्याकडे होता. गाड्याच्या दांडीच्या टोकाला वाटी, आणि तिच्यात बसायला गाडीच्या मागे हवा पन्नास मिलिमीटरचा लोखंडी गोळा. वाटी आणि गोळा म्हणजे आपल्या खांद्याचाच सांधा. सगळीकडे वळतो, पण निसटत नाही.

मेहुण्यांनी एका वर्कशॉपात जीप नेली आणि दीड तासात गोळा बसवून आणला. कारागिराने मागच्या बंपरलाच एक जाड पट्टी वेल्ड केली होती, तिच्यावर गोळा, आणि वर चकचकीत काळा रंग. "भाऊजी, याला हत्ती बांधला तरी निघणार नाही," मेहुणे म्हणाले. हत्ती बांधण्याचा प्रसंग येणार नव्हता म्हणून मी मान डोलावली.

होडी निघाली खरी, पण पहिल्याच उतारावर गाडा मागे शेपटी हलवल्यासारखा डोलू लागला. जीपमध्ये मी बसलो होतो. उजवीकडे हिसका, डावीकडे हिसका, आणि प्रत्येक हिसका आधीपेक्षा मोठा. मेहुण्यांनी वेग हळूहळू कमी केला आणि थांबले. मी उतरून पाहिले, आणि एकाएकी मला आजोबांची बैलगाडी आठवली.

तुमच्यापैकी ज्यांचे बालपण गावी गेले असेल त्यांना 'उलार' हा शब्द माहीत असेल. पोती मागे जास्त झाली की गाडी उलार होते. मागचा भाग खाली बसतो, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास लागू पाहतो. पोती पुढे जास्त झाली तर उलटे. जू मानेवर दाबते. आजोबा गाडी भरून झाली की जुवाखाली हात घालून ते जरासे उचलून पाहत आणि मग एखादे पोते पुढेमागे करायला सांगत. इथे होडीचे इंजिन मागच्या टोकाला, जाळी मागे टाकलेली, डिझेलचा कॅन मागे; गाडा साफ उलार! अमेरिकेत हे लोक हिशेबाने सांगतात की गाड्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांडीवाटे गोळ्यावर टेकला पाहिजे. त्याहून कमी असेल तर गाडा झोके घेतो. आजोबांना हे हाताला कळत होते. मी जाळी आणि कॅन पुढे घ्यायला सांगितले, झोके थांबले, आणि मेहुण्यांनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिले. तो आदर तासभर टिकला.

संध्याकाळी ओहोटी होती. मेहुण्यांचे एक मित्र आपली जीप घेऊन आले होते, त्यांना किनाऱ्याच्या चिखलात गाडी घालण्याची लहर आली. करंज्याचा किनारा म्हणजे वाळू नव्हे, खाडीचा गाळ. माणूस गुडघ्यापर्यंत जातो तिथे जीपचे काय? चारही चाके रुतली. तेवढ्यात भरती लागली. पाणी अजून शंभर पावलांवर होते, पण ते येताना दिसत होते.

मेहुणे धावले. नाखव्यांच्या पडवीतून बोटीचा नायलॉनचा दोर आणला, एक टोक रुतलेल्या जीपच्या पुढच्या हुकाला, दुसऱ्याचा फास आपल्या नव्या कोऱ्या गोळ्याभोवती. "झटका दिला की सुटेल," म्हणाले. मी रुतलेल्या जीपच्या तोंडाशी उभा होतो. का, ते विचारू नका. प्राध्यापक माणूस अशा वेळी नेमका कुठेतरी उभा असतो.

नाखवा घरातून बाहेर आले आणि त्यांनी दोर पाहिला. "मास्तर, बाजूला सरा! दोरीच्या तोंडी उभं नाय राहायचं!" मी "काय?" असे विचारेपर्यंत त्यांनी दंडाला धरून मला ओढले, असे ओढले की मी गाळात आडवा झालो. मेहुण्यांची जीप उसळली. दोर ताठ झाला. नायलॉन तुटण्याआधी आपल्या लांबीच्या पावपट आणि कधी त्याहूनही अधिक ताणतो, आणि ताणताना सगळा जोर पोटात साठवतो. लहान मुलांची बेचकी ती हीच. एक कडाक् असा आवाज झाला. दोर तुटला नाही. बंपरवरचे वेल्डिंग उचकटले, आणि गोळा, पट्टी असा तीनएक किलोचा ऐवज हवेतून येऊन रुतलेल्या जीपच्या जाळीतून आरपार रेडिएटरमध्ये घुसला. जिथे माझे पोट होते तिथून.

कोणी काही बोलले नाही. रेडिएटरमधून पाणी गळत होते तेवढाच आवाज.

ऑस्ट्रेलियात रानोमाळ गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांची संख्या मोठी, आणि तिथे याच तऱ्हेने माणसे मेली आहेत. ओढदोरी गोळ्याला कधीही अडकवू नका, असे तिथले जाणकार कानीकपाळी ओरडून सांगतात. हे मी नंतर वाचले. नाखव्यांनी काही वाचले नव्हते. त्यांनी समुद्रावर तुटलेला दोर काय करतो ते पाहिले होते, आणि ते तेवढेच म्हणाले.

त्या जीपला बाहेर कसे काढले ते पाहण्यासारखे होते. झटका नाहीच. चाकांपुढचा गाळ फावड्यांनी उपसला, खाली फळ्या सारल्या, होड्या बांधायच्या जाडजूड खुंट्याला कप्प्या लावल्या आणि वीसेक माणसांनी आरोळ्या देत दोर ओढला. जीप इंचाइंचाने सरकत वर आली. तोवर पाणी आखाला लागले होते.

घरी मी तीन दिवस काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी शर्टावरचे गाळाचे डाग निघेनात म्हणून चौकशी झाली आणि सगळे बाहेर पडले. सौ. बराच वेळ गप्प होती. मग तिने भावाला फोन लावला आणि म्हणाली, "आकडा पुन्हा करायचा असेल तर आधी कागदावर काढायचा. आणि काढताना हे तिथं बसतील." माझा लोखंडाशी संबंध जुळला तो असा, शिक्षा म्हणून.

कागदावर काढणारा कोण, तर तो माझा विद्यार्थी. तो आता पनवेलजवळ एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. झाल्या प्रकाराची हकीगत त्याला वडिलांकडून कळलीच होती. एका रविवारी टेप आणि खडू घेऊन आला, जीपखाली उताणा शिरला, आणि तिथूनच म्हणाला, "सर, ओढायचं काय आहे ते आधी सांगा. होडी की चिखलातली जीप?"

"दोन्ही," मेहुणे म्हणाले.

"मग दोन आकडे लागतील."

सगळी मेख इथे होती, आणि मला ती समजायला पाऊण तास लागला. होडी गाड्यासकट सहाशे किलो, जीप दीड टन. या दोघांमधला सांधा किती ओढ सोसणारा हवा, याचे युरोपात एक सूत्र आहे: दोन्ही वजनांचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या बेरजेने भागा, आणि आलेल्या उत्तराला ९.८१ ने गुणा. टनांत धरले तर गुणाकार ०.९, बेरीज २.१, भागाकार जवळजवळ ०.४३, गुणल्यावर ४.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या आसपासची ओढ. रस्त्यावरचे खड्डे आणि धक्के यांची दखल या सूत्रात घेतलेली असते. पण गाळात रुतलेल्या जीपला हिसका द्यायचा म्हटले की हे सूत्रच लागू नाही. तिथे ओढ काही टनांत जाते, आणि ती क्षणात येते. गोळ्याची मान ते सोसायला घडवलेलीच नसते. बंपरवरच्या पट्टीचे तर नावच नको.

मग जागेचा प्रश्न. जुन्या जीपची चासी म्हणजे एक आडवी पडलेली शिडी. दोन लांब लोखंडी पन्हळी आणि मध्ये पायऱ्या. बंपर हा त्या शिडीला शेवटी टांगलेला दागिना. ओढ शिडीलाच गेली पाहिजे. म्हणून दोन्ही पन्हळींच्या मध्ये एक भक्कम आडवी नळी, तिच्या दोन टोकांना दहा मिलिमीटर जाडीच्या पाट्या, आणि त्या पाट्या पन्हळींच्या पोटात नट-बोल्टने कसायच्या. पोटातच का? कारण चासी वाकते तेव्हा सगळ्यांत अधिक ताण वरच्या आणि खालच्या कडांवर येतो. तिथे भोक पाडले की तडा तिथून सुरू होणार. आणि वेल्डिंग का नाही? वेल्डिंगच्या टाक्याशेजारचे लोखंड तापून बदलते, आणि जुन्या चासीला ते मानवेलच असे नाही. शिवाय बोल्ट उघडून तपासता येतो.

बोल्टवर मी खूश झालो, ते वेगळ्याच कारणाने. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर त्याची पदवी कोरलेली असते. ८.८ असे लिहिलेले असेल तर पहिल्या आठाला शंभराने गुणायचे; चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटनपर्यंत तो तुटत नाही. दुसरा आठ सांगतो की त्याच्या आठ-दशांश जोराला तो कायमचा ताणू लागतो. बारा मिलिमीटरचा असा एक बोल्ट सरळ ओढला तर पावणेसात टनांच्या आसपास तुटेल. पदवीवरून भार इतका नेमका सांगता येण्याची सोय आमच्या विद्यापीठांनी अजून केलेली नाही.

आडव्या नळीच्या मधोमध मागे तोंड असलेली दोन इंची चौकोनी नळी, तिच्यात सरकणारी जीभ, आणि जिभेतून आरपार जाणारी सोळा मिलिमीटरची खीळ. जिभा दोन. एकीवर गोळा, होडीसाठी. दुसरी भरीव, गोळ्याविना, टोकाला भार कोरलेला शॅकल, रुतलेल्या गाडीसाठी. खीळ काढायची, जीभ बदलायची. दोन्ही एकदम बसतच नाहीत, त्यामुळे घाईत कोणी गोळ्याला फास टाकील ही भीती नाही. गाड्याच्या दोन साखळ्या मात्र जिभेला नाही, आडव्या नळीला. त्या दांडीखाली फुलीसारख्या ओलांडून बांधायच्या, म्हणजे गोळा सुटला तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

उंचीवरून वाद झाला. पहिला आकडा इतका खाली होता की जीप चढावर लागली की तो जमीन नांगरत जाई. मागच्या चाकापासून आकड्याच्या खालच्या टोकापर्यंत रेघ ओढली की ती जमिनीशी जो कोन करते, तेवढाच चढ ती जीप पाठ न घासता चढू-उतरू शकते. आकडा वर घेतला तर कोन सुधारतो, पण दांडी वर उचलली जाऊन गाडा पुन्हा उलार. शेवटी नळी चासीच्या पातळीला घट्ट वर नेली आणि गोळ्याची जीभ थोडी खाली वाकवली; रानात जाताना ती जीभच काढून ठेवायची.

दांडीवर टेकणारे वजन मोजायला आमच्या न्हाणीघरातला वजनकाटा नेला होता. तो सत्तर किलो दाखवून थांबला आणि नंतर कायमचा सत्तरच दाखवू लागला. सौ.ने त्याबद्दल मात्र काही म्हटले नाही.

करंज्याच्या खाऱ्या हवेला रंग पुरत नाही, म्हणून सगळा सांगाडा जस्ताच्या गरम कढईत बुडवून घेतला. बंद नळी तशीच बुडवली तर आतली हवा आणि ओल तापून ती फुटते, कामगार जखमी होतात; म्हणून प्रत्येक नळीला आधी भोके ठेवावी लागतात. ती विसरली नाहीत ना, हे विद्यार्थ्याने दोनदा पाहिले. कायद्याचेही त्याने पाहिले. मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते ठासून सांगितले आहे, आणि ओढला जाणारा गाडा हे कायद्याने स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. तेव्हा कामाला हात घालण्याआधी त्याने मेहुण्यांना आराखडा घेऊन परिवहन कचेरीत पाठवले. मेहुण्यांचे दोन रविवार नव्हे, दोन रजा खर्ची पडल्या.

नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्याकडे निघाली. या वेळी इंजिन काढून जीपमध्ये ठेवले होते, जाळी पुढे. नाखवा जीपच्या बाजूने चालत होते आणि मधूनमधून वाकून खिळीकडे पाहत होते. काठाशी आल्यावर मेहुणे गाडा थेट पाण्यात घालू लागले, तेव्हा विद्यार्थ्याने थांबवले. चाकांचे बेअरिंग धावून गरम झालेले असते, ते खाऱ्या पाण्यात एकदम बुडाले की निवताना पाणी आत ओढून घेते. दहा मिनिटे सगळे नुसते उभे राहिलो. नाखवीणबाईंनी चहा आणला.

होडी तरंगल्यावर विद्यार्थ्याने खिशातून कारखान्याचे बिल काढून माझ्या हातात दिले. पैसे मेहुण्यांनी द्यायचे होते, पण मान माझा. लोखंड, बोल्ट, जस्त यांचे रकाने, आणि पहिल्याच ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'हीच – १ नग'.

"अरे, हीच म्हणजे कुठली?" मी म्हटले. "तो इंग्रजी शब्द आहे, हिच. ऱ्हस्व हि."

"दोन जिभा आहेत ना सर," तो म्हणाला, "होडीला हीच लावायची. ती नाही." आणि त्याने गोळ्याच्या जिभेवर खडूने फुली केली, आमच्या मेहुण्यांना दिसेल अशी.